सात वाट्या आणि एक वटी

माझ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण महिन्याचा हिशेब तिचा कधी चुकायचा नाही. हा हिशेब मिसळणाच्या डब्यात असायचा. बाकीच्या बायका मोहरी, जिरं, हळद ठेवतात तोच हा डबा. गोल, पितळी, आत सात वाट्या. पिंपरीला बिऱ्हाड केल्यावर पहिल्याच पगाराला तिनं त्यातला मसाला पत्र्याच्या डब्यांत ओतला आणि वाट्यांमध्ये पगार वाटून टाकला. एक भाड्याची, एक वाणसामान-भाजीची, एक दुधाची, एक रॉकेल-सरपणाची, एक शाळेची, एक गावी आजीला जाणाऱ्या मनीऑर्डरची. मधली वाटी आम्हा तीन भावंडांच्या खाऊची. डबा कितीही घासला तरी हळदीचा वास गेला नाही. आमच्या घरच्या नोटा दुकानदाराला डोळे मिटूनही ओळखू येतील, असं आबा म्हणायचे.

आबा म्हणजे माझे वडील. चिंचवडकडच्या एका कारखान्यात ते लेथ चालवत. मिळवणारे ते एकटे आणि खाणारी आम्ही पाच, शिवाय गावाकडची आजी. आईसाठी डब्यात एकही वाटी नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. आता येतं आणि माझं मलाच बोचतं.

कारखान्यात ओव्हरटाइम केला की जादा पैसे मिळत. कामगार त्याला नुसतं 'ओटी' म्हणत. आबा एकदा सकाळी जेवणाचा डबा घेऊन निघताना म्हणाले, "आज ओटी हाय, यायला उशीर हुईल," तेव्हा आईनं भाकरी थापता थापता मान वर केली.

"आवं, गड्यामाणसाची वटी कोण भरतंय?"

सवाष्णीच्या पदरात नारळ, खण, तांदूळ घालतात ती ओटी. आमच्याकडे तिला वटी म्हणत. आबा हसत हसतच सायकलवर बसले आणि त्या दिवसापासून ओव्हरटाइमला आमच्या घरी वटी हेच नाव पडलं. आई मात्र वटीचे पैसे घरखर्चात धरत नसे. "वटी कवाबी बंद हुईल. पगारात भागवायचं," असा तिचा कायदा होता आणि तो आबांनाही लागू होता.

मग नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले. आणा म्हणजे सहा पैसे आणि चार आणे म्हणजे पंचवीस, असं शाळेत घोकून घेत. सहा चोक चोवीस, मग वरचा एक पैसा आला कुठून, यावरून मी मास्तरांशी वाद घातला आणि तासभर बाकावर उभी राहिले. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता. जुनी नाणी लगेच बंद झाली नव्हती. बाजारात दोन्ही चालत आणि जो तो आपापल्या परीनं गोंधळलेला असे.

त्याच सुमाराला आईचा डबा चुकायला लागला. वाणसामान-भाजीची वाटी वीस-बावीस तारखेलाच तळाला जाई. पहिल्या महिन्यात तिनं दुधाच्या वाटीतून काढून भागवलं. दुसऱ्या महिन्यात मनीऑर्डर आठ दिवस उशिरा गेली आणि गावाहून आजीचं पत्र आलं. एरवी पत्र मोठ्यानं वाचणाऱ्या आबांनी ते मनातल्या मनात वाचलं आणि खिशात घातलं.

माझा मामा खेडला, म्हणजे आताच्या राजगुरुनगरला, शेती करायचा. चाकणच्या बाजारात कांदा घालून तो अधूनमधून आमच्याकडे डोकवायचा, पिशवीभर कांदे ठेवायचा, चहा प्यायचा आणि जायचा. रिकामी वाटी आणि मामाची ये-जा, या दोन गोष्टींची आबांनी गाठ घातली.

"म्हायेरला किती जात्यात?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, पण त्यांनी अगदी शांतपणे विचारलं.

"एक पैसाबी न्हाई," आई म्हणाली.

"मग जात्यात कुठं?"

"मला ठावं न्हाई."

ती खरं तेच बोलत होती, पण असलं खरं कुणाला पटतं? आबांनी फळीवरचा डबा उचलला, ट्रंकेत ठेवला आणि कुलूप घातलं. "ह्या महिन्यापासनं मी बघतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फळी पुसताना डब्याच्या जागी उमटलेला गोल डाग आईनं पुसला नाही, त्याच्या कडेकडेनं फडकं फिरवलं. तिला पैसे नको होते. तिला तिचा डबा परत हवा होता. आपण चोर नाही, हे घरच्या माणसानं आपल्या तोंडानं कबूल करायला हवं होतं.

आबा रोज सकाळी तिच्या हातावर भाजी-वाणसामानासाठी आठ आण्यांची मोड ठेवत आणि संध्याकाळी हिशेब मागत. रोज आणा-दीड आणा कमी भरे. त्याच आठवड्यात मामा आला. आबांची सुट्टी होती, ते घरातच होते. त्यांनी 'या' म्हटलं नाही की 'बसा' म्हटलं नाही.

"दाजी, माजं काय चुकलं का?" मामानं विचारलं.

"तुमचं न्हाई," आबा म्हणाले आणि आईकडे बघितलं.

मामा अर्धा चहा कपात ठेवून उठला. आईनं तो कप कितीतरी वेळ विसळलाच नाही. आबांचा मला इतका राग आला की मी त्यांच्या सायकलच्या पुढच्या चाकातली हवा सोडली. ते माझंच काम होतं, हे आज पहिल्यांदा कबूल करते आहे.

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी खरी गोष्ट कळली. रहाटणीहून एक बाई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन आमच्या दाराशी यायची. मेथीची जुडी एका आण्याला होती. आईनं कमरेची चंची उघडली, न बघता दोन-तीन नाणी बोटांनी चाचपली आणि एक काढून तिला दिलं. त्या बाईनंही कडेवरून अंगठा फिरवला, "बराबर" म्हणाली आणि पाटी उचलायला वाकली.

मी जवळच उभी होते. ते नाणं दहा पैशांचं होतं.

"आणा नाही तो! दहा पैसे आहेत! चार पैसे परत द्या!" मी ओरडले.

बाई बिचारी घाबरली. ती लबाड नव्हती, नवं नाणं तिलाही नवंच होतं. तिनं चार पैसे दिले आणि वर कोथिंबिरीच्या दोन काड्या दिल्या. ती गेल्यावर मी आईला उंबऱ्यावर बसवलं आणि एकेक नाणं तिच्या हातावर ठेवलं. दहा पैशांना ती म्हणाली, "आणा." पाच पैशांना म्हणाली, "चवली," म्हणजे दोन आणे.

"बघून सांग ना," मी म्हटलं.

तिनं नाणं डोळ्यांजवळ नेलं, मग हात लांब करून बघितलं आणि मांडीवर ठेवून दिलं. "जवळचं दिसत न्हाई गं. दोन वर्सं झाली आसतील."

जुनी नाणी तिच्या बोटांना पाठ होती. कंगोऱ्याचा तो आणा, चौकोनी ती चवली, भोकाचा तो पैसा. सरकारनं नवी नाणी पाडली, किमती बदलल्या आणि आकार मात्र तेच उचलले. दहा पैसेही कंगोऱ्याचे आणि पाच पैसे चौकोनी. देताना ती दहाचा आणा करून देई आणि घेताना पाचाची चवली समजून घेई. दोन्हीकडून तीच बुडत होती.

"आबांना सांगितलं का नाहीस?"

"चष्मा लागंल मग. चष्म्याची वाटी कुटली?" ती म्हणाली आणि तिनं मला आपल्या गळ्याची शपथ घातली. आबांना सांगायचं नाही.

शपथ मी संध्याकाळपर्यंत पाळली. आबा आले, हातपाय धुऊन बसले, हिशेब मागितला. आणाभर कमी होता, कारण सकाळीच वाण्याकडे झालेली चूक मला पकडता आली नव्हती.

"आज भाऊ यिऊन गेला व्हता का?" आबांनी विचारलं.

"तिला दिसत नाही!" मी ओरडले. "नाणी दिसत नाहीत तिला, चाचपून देते ती, आणि तुम्ही तिला चोर म्हणता!"

आईनं मला धपाटा घातला. शपथ मोडल्याबद्दल होता तो. आबांनी तिच्या हातातली मोड घेतली, एक कंगोऱ्याचं नाणं उचलून त्यावरून स्वतःचा अंगठा फिरवला आणि डोळे मिटले. मग जेवले. सकाळी निघताना एवढंच म्हणाले, "ह्यो महिना रोज वटी हाय."

मधल्या एका सुट्टीला ते आईला पुण्याला नेऊन डोळे तपासून आले. चष्मा पैसे भरल्यावर मिळणार होता. डबा मात्र ट्रंकेतच राहिला. आईला वाटलं, चष्मा देतील पण डबा काही देणार नाहीत. मलाही तसंच वाटलं आणि मी महिनाभर आबांशी धड बोलले नाही. ते रोज दमून येत, जेवत आणि झोपत. माझा अबोला त्यांच्या लक्षातही आला नसेल.

महिना संपला त्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आबांनी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि आईला पाटावर बसायला सांगितलं. मी आणि माझे धाकटे भाऊ तोंडं उघडी टाकून बघत होतो.

"पदर पुढं कर," आबा म्हणाले.

"आवं, काय ह्ये? गडीमाणसं कुटं वटी भरत्यात व्हय?"

"आमच्या कारखान्यात भरत्यात," आबा म्हणाले.

त्यांनी तिच्या पदरात आधी मूठभर तांदूळ घातले, मग नारळ, मग चष्म्याचं घर. त्यातलं काय आधी आणि काय नंतर, हे त्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं. शेवटी ट्रंकेतून डबा काढला. तो जड होता, पदर ओढला जाईल म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी खालून धरून ठेवला.

"चुकलं माजं," ते म्हणाले. "आता चष्मा घाल आन् बघून घे काय काय दिलं ते."

आईनं चष्मा घातला. काड्या कानांमागे नीट बसेनात, त्या मी बसवून दिल्या. तिनं नारळ बघितला, तांदूळ बघितले, डबा बघितला. मग डब्याखालचे हात बघितले आणि तिथंच थांबली. मनगटापासून बोटांपर्यंत आबांच्या हातांवर बारीक काळे डाग होते, कुठे जुने, कुठे अजून लाल. आम्ही ते रोजच बघत होतो. आम्हाला वाटायचं, आबांचे हात असेच असतात.

"ह्ये काय हाय?"

"काय न्हाई. लेथवर लोखंडाचा कीस उडतो, गरम असतोय."

"कवापासनं?"

"पयल्यापासनं. वटीला जरा जास्त, इतकंच."

आईनं डबा त्यांच्या हातातून काढून घेतला. "आता वटी बास," ती म्हणाली. "ही घेतली, ह्या म्होरं न्हाई." आबा काहीतरी सांगायला गेले, पण ती डबा उघडून वाट्या मांडायलाही लागली होती. चष्म्यातून एकेक नाणं निरखून तिनं पगार वाटला. मधली वाटी तिनं तशीच रिकामी बाहेर काढली, तिच्यात खोबरेल ओतलं, चिमूटभर हळद घातली आणि आबांच्या पुढ्यात ठेवली.

ती वाटी आमच्या खाऊची होती. माझे भाऊ कुरकुरले. मी त्यांच्या पाठीत एकेक धपाटा घातला आणि गप्प बसवलं. तो डबा आज माझ्याकडे आहे. त्यात सहाच वाट्या आहेत.