स्पेनचे नंबर, सोलापूरचे कान

दिवसभर लोकांचे नंबर ऐकून कान शिणतात हो. घरी आल्यावर टीव्हीसुद्धा नको वाटतो. नंबर विसरले जातात, पण किस्से तेवढे साठत जातात. चहाला कुणी भेटलं की एकातून दुसरा निघतोच!

आम्ही चौघं स्पॅनिश शिकलेलो. सोलापुरात बसून स्पेनमधल्या एका वीज कंपनीच्या ग्राहकांचे फोन घेतो. फोन आला की आधी अदबीनं ओळखपत्राचा नंबर विचारायचा. आकडे आणि शेवटी एक अक्षर. नंबर जुळला नाही की पुढचं बोलणं बंद!

बाळासाहेब आमचा माढ्याचा. स्पॅनिशमध्ये साठ म्हणजे 'सेसेंता' आणि सत्तर म्हणजे 'सेतेंता'. फोनवर फरक काय कळणार? एका बाईंचा सदुसष्ट यानं सत्त्याहत्तर टाकला. कॉम्प्युटर म्हणाला, अशी व्यक्तीच नाही.

यानं अत्यंत नम्रपणे कळवलं, "बाई, आपण अस्तित्वातच नाही."

बाई म्हणाल्या, "मग या घरात सकाळपासून राबतंय कोण?"

बाळासाहेबानं हेडफोन बाजूला केला अन् माझ्याकडं वळला, "मॅडम, बाई खरं बोलत्यात की!"

अक्षरांचा ताप वेगळाच. स्पॅनिश माणूस बी म्हणतोय की व्ही, देवाला ठाऊक. म्हणून गावांची नावं घ्यायची. इरफाननं एका गृहस्थांना विचारलं, "बार्सेलोना की वॅलेन्सिया?"

"दोन्ही नाही! माझा जन्म सेव्हियाचा!" गृहस्थ भडकलेच. नंतर अर्धा कॉल सेव्हिया किती छान, हेच ऐकण्यात गेला. अक्षर राहिलंच.

हाच इरफान एकदा घरून काम करत होता. स्पॅनिशमध्ये 'आपण' म्हणजे 'उस्तेद'. नंबर विचारताना प्रत्येक वाक्यात हा शब्द येतो. त्याचे अब्बा गॅरेजवाले. जेवायला आले, बाहेरच्या खोलीत बसून ऐकत राहिले. शेवटी राहवेना.

"क्या रे, कब से उस्ताद उस्ताद कर रा. कित्ते उस्ताद हैं तेरे? अन् काम एक बी नै सिकाते?"

श्रीलताचं वेगळंच. तिच्या घरी तेलुगू, शाळा मराठी, ऑफिसात स्पॅनिश. सुट्टीच्या दिवशी बँकेत गेली. काउंटरवर अक्कलकोटकडचे एक काका. त्यांनी आधार नंबर विचारला. ही इतकी दमलेली, की सरळ सुरू झाली, "सिएते, ओचो, त्रेस..."

काकांनी पेन खाली ठेवलं. "ताई, मराठी जमत नसंल तर कन्नड सांगा की. मला दोन्ही येतंय!"

परवाचा कॉल माझ्याकडं आला. एक म्हातारे गृहस्थ. वीज बायकोच्या नावावर. बाई नुकत्याच वारल्या होत्या. नाव बदलायचं होतं, नाहीतर कनेक्शन बंद झालं असतं.

मी म्हटलं, "आधी त्यांचा नंबर सांगता का?"

कुठंही न अडखळता त्यांनी अख्खा नंबर म्हटला, शेवटच्या अक्षरासकट. सावकाश, एकेक आकडा मोकळा करून. इतका स्वच्छ नंबर मला आजवर कुणी सांगितला नव्हता. पहिल्या फटक्यात जुळला.

"आभारी आहे. आता आपला?"

पलीकडं खण उघडल्याचे, कागद चाळल्याचे आवाज येऊ लागले.

मग म्हणाले, "माझा तिला पाठ होता."