कप्पु प्लस, केंपु मायनस

माझं लग्न कसं ठरलं ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे आणि प्रत्येक जण ती वेगळी सांगतो. थोरली मुलगी सांगते तेव्हा त्यात स्फोट होतो. धाकटी सांगते तेव्हा आग लागते. मामा होते तोवर ते सांगत त्यात सगळा दोष माझा असे. त्यातलं एवढंच खरं आहे, की दोष माझा होता. स्फोट म्हणावा असं काही झालं नव्हतं. फार तर फट् असा आवाज झाला.

साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी कोल्हापुराकडून बंगलोरला येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. एका सरकारी कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. कोणी चिठ्ठी घेऊन आलं की तेवढे स्क्रू मोजून द्यायचे, हे माझं काम. बसवनगुडीत एका कानडी बाईंच्या घरामागच्या खोलीत राहायचो. संध्याकाळी करायचं काय? तर मी क्रिस्टल सेट केला.

क्रिस्टल सेट म्हणजे गरिबाचा रेडिओ. त्याला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. कापडाच्या दुकानातून ठाणाच्या आतली पुठ्ठ्याची नळी मागून आणली. जळक्या मोटारीची तांब्याची तार उकलून तिच्यावर गुंडाळली. लष्कराच्या मोडीतला हेडफोन मिळाला, त्याचा एक कान कायमचा गेलेला होता. डाख द्यायची सळई घरमालकीणबाईंच्या शेगडीत तापवायची, राळेत बुडवायची की चर्रर्र होऊन धूर व्हायचा. बाई म्हणायच्या, "एनप्पा, रोज सायंकाळी देवाला धूप घालता काय?" ऐकू येईल असा सेट व्हायला तीन महिने लागले. तो एकाच माणसाला, एकाच कानानं ऐकू येई, आणि तेही बाहेरच्या कपडे वाळत घालायच्या तारेला जोडला तर. पण बोलायचा. पहिल्यांदा बोलला तेव्हा मी सगळ्या वाड्यात सांगत सुटलो होतो.

हे मी मामांना पत्रातून कळवलं, तिथून घोळ सुरू झाला. मामा माझ्यासाठी स्थळं बघत होते. धारवाडच्या एका मराठी कुटुंबाची मुलगी होती, वडील टपाल खात्यात. मामांनी त्यांना काय लिहिलं ते मला नंतर कळलं. 'मी रेडिओ तयार केला' हे माझं वाक्य 'मुलगा रेडिओच्या कारखान्यात आहे' असं होऊन गेलं आणि धारवाडला पोचेपर्यंत मी रेडिओ इंजिनीअर झालो होतो.

शनिवारी मामा स्वतःच उगवले. पिशवी ठेवायच्या आधी म्हणाले, "उद्या चार वाजता मुलगी बघायला जायचंय. मल्लेश्वरमला, तिच्या आत्याकडे उतरलेत सगळे."

"बरं."

"आणि तो रेडिओ बरोबर घ्यायचा. तिच्या वडिलांना बघायचाय."

मी कोनाड्यातला सेट दाखवला. मामांनी पुठ्ठ्याची नळी बघितली, तिच्यावरची तार बघितली, एका कानाचा हेडफोन बघितला. मग खाटेवर बसले.

"हा?"

"हाच."

"याला आवाज कुठून येतो?"

"येत नाही. कानाला लावायचं."

"अरे, मग त्या माणसाला काय दाखवणार? नळी?" मामांचा आवाज चढला. "उद्या चारपर्यंत हा खोलीभर वाजला पाहिजे. नाही वाजला तर मी परस्पर कोल्हापूरची गाडी धरतो, आणि तुझं तू बघ. दुसरं स्थळ मी आणणार नाही."

मुलीचा फोटो मामांनी आणला होता. तो मी रात्री बघितला नसता तर नीट झोप तरी लागली असती. पण बघितला. आता ते स्थळ जाऊ द्यायची माझी मुळीच इच्छा नव्हती.

रविवारी सकाळी चिकपेटेकडच्या रस्त्यावर मोडीचा बाजार भरायचा. फुटपाथवर गोणपाटं पसरून ढीग घातलेले: बटणं, व्हॉल्व, खिळे, जुन्या मीटरचे काटे, कशाची तरी झाकणं. बेताच्या पगाराच्या आमच्यासारख्यांची ही सराफ कट्ट्याइतकी मानाची जागा. तिथे एका म्हाताऱ्या अण्णांकडे मी नेहमी जायचो. ते गिऱ्हाइकाला महिन्यातून एकदा तरी चांगली वस्तू देतात अशी त्यांची ख्याती होती. मी त्यांना माझ्या तोडक्यामोडक्या कानडीत सांगितलं, की क्रिस्टल सेटचा आवाज मोठा करायचाय.

त्यांनी ढिगातून एक पट्टी काढली. मोडक्या ट्रान्झिस्टर रेडिओतली, तळहाताएवढी. दोन ट्रान्झिस्टर, दोन वायरी, एक छोटा स्पीकर. मी तिच्याकडे बघतच राहिलो. त्या वेळी नवा ट्रान्झिस्टर माझ्या स्वप्नातसुद्धा येत नसे, आणि इथे दोन होते.

"नोडि स्वामी," अण्णा म्हणाले, "इदु तिरुगामुरुगा. कप्पु प्लस, केंपु मायनस. गोत्ता?"

आता इथे माझं कानडीचं ज्ञान सांगायला हवं. वायरी दोन होत्या, एक लाल आणि एक काळी. म्हणजे कप्पु आणि केंपु हे रंग असणार, एवढं मी ओळखलं. कुठला कुठला? तर मी विचार केला. कानडीत कॉफीला कापी म्हणतात. कापी असते तांबूस. तेव्हा कप्पु म्हणजे कापीच्या रंगाचा, म्हणजे लाल. उरलेला केंपु काळा. शिवाय लाल प्लस आणि काळी मायनस हे जगातल्या कुठल्याही बॅटरीवाल्याला माहीत असतं, त्यामुळे हिशेब चोख जुळला. 'तिरुगामुरुगा' मात्र कळलं नाही. बटण फिरवायचं असेल, म्हणून सोडून दिलं.

"गोत्तु, गोत्तु," म्हणजे कळलं, कळलं, असं मी म्हणालो.

अण्णांना खात्री वाटली नसावी. त्यांनी वायरींना बोट लावून पुन्हा सांगितलं. मी तेव्हा खिशातली चिठ्ठी काढून लिहीत होतो, त्यामुळे बोट बघितलं नाही. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. एवढी साधी गोष्ट हे तीनतीनदा का सांगतायत, म्हातारपण दुसरं काय, असं मला वाटलं. मी चिठ्ठीवर त्यांचेच शब्द लिहिले, कानडीतच, जरा मिजाशीत: कप्पु प्लस, केंपु मायनस. "सरी," म्हणून निघालो.

दुपारी दोनपर्यंत मी पट्टी सेटच्या फळीवर बसवली. चिठ्ठी खाली चिकटवून टाकली, माहितीसाठी. सेल घालून बघणारच होतो, पण मामा दारात घड्याळ धरून उभे होते. शिवाय सेल नवे होते, ते आधीच का जाळा? तिथेच घालू म्हटलं.

आत्याबाई बंगलोरला वीस वर्षं राहिलेल्या. त्यांच्याकडे पोह्यांऐवजी उप्पिट्टु होतं आणि बरोबर कापी. मुलीचे वडील पांढराशुभ्र कोट घालून, हातात चष्मा घेऊन तयार बसले होते. मुलगी येऊन बसली. तिच्याकडे बघायला मला सवड झाली नाही, कारण वडिलांनी लगेच विषयाला हात घातला.

"आणलाय नव्हं रेडिओ? लावा की. लायसन काढलंय ना?"

"काढतोय," मी म्हणालो. तेव्हा रेडिओ बाळगायला टपाल खात्याचं लायसन लागे.

मी तार आत्याबाईंच्या खिडकीच्या गजाला जोडली आणि सेल बसवले. लाल वायर प्लसला, काळी मायनसला. सगळे खुर्च्या पुढे ओढून बसले. स्पीकर गप्प. मी बटण फिरवलं. गप्प. अजून फिरवलं. आत्याबाई म्हणाल्या, "आज रविवार ना, स्वल्प उशिरा लागत असेल." मामा घसा खाकरू लागले.

मग पट्टीतून राळेसारखा, पण राळेपेक्षा वाईट वास आला, फट् झालं, आणि ट्रान्झिस्टरचं चिमुकलं चकचकीत टोपण उडून वडिलांच्या उप्पिट्टुत पडलं. पाठोपाठ धुराची बारीक रेघ.

वडिलांनी टोपण चमच्यानं बाजूला केलं.

"आपण कारखान्यात नेमकं काय करता?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे तसं बघितलं तर तो..." मामांनी सुरुवात केली.

मला वाटतं, त्या क्षणी माझ्यात धीटपणा वगैरे काही आला नव्हता. दोन्ही ट्रान्झिस्टर गेले होते आणि त्यापुढे कसलीच किंमत वाटत नव्हती. "मी इंजिनीअर नाही," मी म्हणालो. "स्टोअरमध्ये कारकून आहे. स्क्रू मोजून देतो."

मामांनी डोळे मिटून घेतले. आत्याबाई कापीचे पेले गोळा करू लागल्या, म्हणजे बैठक संपली. तेवढ्यात मुलगी पुढे झाली आणि तिनं फळी उचलून खालची चिठ्ठी वाचली.

"कप्पु प्लस, केंपु मायनस," ती मोठ्यानं म्हणाली. "हे कोणी लिहिलंय?"

"मी. दुकानदारानं सांगितलं."

"मग तुम्ही उलटं का जोडलंत? काळी प्लसला पाहिजे ना?"

"कप्पु म्हणजे लाल," मी समजावून सांगितलं. "कापीच्या रंगाचा."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग आत्याकडे. मग तिला हसू आवरेना. "अगं आत्या! कापी म्हणून कप्पु! अहो, कप्पु म्हणजे काळा. केंपु म्हणजे लाल. आणि दुकानदार तिरुगामुरुगा म्हणाला असेल की!"

"म्हणाला."

"म्हणजे उलटसुलट! वायरी उलट्या आहेत, हेच तर तो सांगत होता!"

आता वडीलही हसू लागले, कोट हलेपर्यंत. आत्याबाईंनी पेले परत खाली ठेवले. मामा हसले नाहीत. तीन वेळा सांगणाऱ्या त्या म्हाताऱ्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

हसून झाल्यावर मुलीनं पुठ्ठ्याच्या नळीवर बोट ठेवलं. "आणि हे? हेही त्याच्याकडचंच?"

"नाही. ते मी केलंय."

"चालतं?"

"चालतं. पण एकालाच ऐकू येतं. तार मात्र लांब लागते."

आत्याबाईंच्या मागच्या अंगणात कपड्यांची तार होती. तिच्यावरचं ओलं धोतर आत्याबाईंनी स्वतः काढून खांद्यावर टाकलं. मी जळकी पट्टी सोडवून सेट तारेला जोडला, खड्यावरची सुई सरकवली आणि हेडफोन वडिलांना दिला. त्यांनी चष्मा काढला, का कोण जाणे, आणि कान लावला. बराच वेळ तसेच उभे राहिले.

"वीणा वाजायलीय," ते म्हणाले. "सेल कुठं आहेत याचे?"

"लागत नाहीत."

"मग चालतंय कशावर?"

"नुसतं हवेतून येतं तेवढ्यावर."

त्यांनी हेडफोन काही लवकर सोडला नाही. मग आत्याबाई, मग मुलगी, मग शेजारच्या दोघी. मामा शेवटी. मामांनी ऐकलं आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "आहे खरं काहीतरी."

निघताना मी सेट काढायला गेलो तर वडील म्हणाले, "राहू द्या की. आम्ही गुरुवारपर्यंत हितं हाय. मग न्या."

बसमध्ये मामा म्हणाले, "वस्तू ठेवून घेतली म्हणजे होकार समजायचा." मला तसं वाटलं नाही. लायसन नसल्यामुळे जप्त केला असावा, असं वाटलं. होकार-नकाराचं पत्र यायचं ते मामांकडे कोल्हापूरला, आणि मामा सोमवारी गेले ते गेलेच. तीन दिवस मी स्टोअरमध्ये चुकीचे स्क्रू देत होतो.

गुरुवारी संध्याकाळी कामावरून थेट मल्लेश्वरमला गेलो. मागचं दार उघडं होतं. ती अंगणात पायरीवर बसली होती, सेट मांडीवर, हेडफोन कानाला, डोळे कुठेतरी कौलांवर. मी आलेलं तिला कळलं नाही. आत्याबाई आतून म्हणाल्या, "आलात काय? बसा. तिनं परवाच होय म्हटलंय. तुमच्या मामांनी कळवलं नाही?"

मी म्हणालो, मामांनी काहीच कळवलं नाही. मग तिच्याकडे वळलो आणि म्हणालो, "हे खरं आहे?"

तिनं हात वर केला. "थांबा," ती म्हणाली, "बातम्या संपू देत."

मी दुसऱ्या पायरीवर बसलो.