दोघांपुरती कॅरॅव्हॅन

कॅरॅव्हॅन घ्यायचं खूळ नवऱ्याच्या डोक्यात शिरलं तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, "ताप आलाय का तुला?" बावीस वर्षं दोह्यात काढली, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, तो एका कॉन्ट्रॅक्टरकडे ड्राफ्ट्समन, आणि आता केस पिकल्यावर ह्या माणसाला वाळूत चाकांवरचं घर हवं होतं. त्याच्या ऑफिसातल्या कतारी साहेबांचा थंडीत समुद्राजवळ कॅम्प असतो. त्याच्या कडेला तुमचीही उभी करा, म्हणाले. मग काय, स्वारी हवेतच. बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर गाडीचं मॅन्युअल उघडलेलं असायचं.

तो शिकला तेवढं मीही शिकले, कान काही बंद करता येत नाहीत. गाडी मागे किती वजन ओढू शकते ते त्या पुस्तकात छापलेलं असतं. आमच्या जुन्या एसयूव्हीला तेराशे किलो. कॅरॅव्हॅन रिकामी किती भरते ते बघायचं नाही. पाणी, गॅस, गाद्या, भांडी घालून किती भरते ते बघायचं. वाळूत गाडीचा दम जास्त निघतो, म्हणून अगदी काठावरचं वजन घ्यायचंच नाही. दोन बर्थची झेपत होती, चार बर्थची नाही. पैशाचंही तेच. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मी घरात येता-जाता ऐकवते.

तरी हा बघायचा चार बर्थचीच. मी म्हटलं, "आपण दोघं. उरलेल्या दोन बर्थवर काय कांदे-बटाटे ठेवायचेत?"

"ती आली तर?" तो म्हणाला.

ती म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. पुण्याला इंजिनिअरिंगला घातली होती. तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडून बंगळुरूला एका बेकरीत कामाला लागली आणि दोन महिन्यांनी आम्हाला कळवलं. मी फोनवर म्हणाले, "आमच्यासाठी तू संपलीस. खलास." माझ्या जिभेला हाड नाही, हे वसईपासून दोह्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिने ते मनाला लावून घेतलं. त्याला दोन वर्षं होत आली होती. ती बापाशी बोलायची, माझ्याशी नाही. मीही फोन केला नाही. आधी तिने करावा, मी आई आहे! त्या फोननंतर आम्ही दोन बेडरूमचा फ्लॅट सोडून एका बेडरूमचा घेतला. भाडं वाचतं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून आम्ही अल रय्यानला एका म्हाताऱ्या कतारी गृहस्थांकडे गेलो. त्यांच्या घरामागे दोन कॅरॅव्हॅन विकायला होत्या, एक मोठी, एक छोटी. मुलं मोठी झाली, आता कोणी येत नाही, म्हणाले. नवरा टेप घेऊन मोठीत घुसला. खिडकीतून मला दिसत होता, वरच्या बर्थची लांबी मोजत होता, फोटो काढत होता. लेक लहानपणी वरच्या बर्थसाठी जीव टाकायची. गावी जाताना ट्रेनमध्ये खाली बसायचीच नाही.

त्या म्हाताऱ्या बाबांनी मला कावा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर दिले. मी म्हटलं, मोठी आमच्या गाडीला झेपणार नाही. ते मोडक्या हिंदीत म्हणाले, मुश्किल नहीं, माझा ड्रायव्हर पिकअपने ओढून कॅम्पवर सोडेल, उन्हाळ्याआधी परत आणेल. मी म्हटलं, बजेट नाही. ते म्हणाले, छोटीच्या पैशात मोठी घे, बाकीचं पुढच्या वर्षी, इन्शाल्ला. म्हणजे माझी दोन्ही कारणं त्यांनी एका घोटात संपवली. मग मायेने विचारलं, "कितना बच्चा है, मदाम?"

"बच्चा नहीं है," मी म्हणाले. "हम दो ही."

का म्हणाले, ते मला आजही धड सांगता येत नाही. हट्टाला पेटले होते एवढंच. वर पाहिलं तर नवरा कॅरॅव्हॅनच्या पायरीवर उभा. त्याने सगळं ऐकलं होतं. टेप गुंडाळला आणि छोटीचे पैसे ठरवले. परत येताना गाडीत एवढंच म्हणाला, "गाडीचं कारण पुन्हा मला सांगू नकोस."

त्याने आतून काढलेले फोटो तिथूनच लेकीला पाठवले होते, हे मला मागाहून कळलं. खाली लिहिलं होतं, वरचा बर्थ तुझा. आणि नंतर छोटी घेतली हे तिला कळवायचा धीर त्याला झाला नाही.

जानेवारीत ती आली, व्हिजिट व्हिसावर. येणार हे मला आदल्या दिवशी सांगण्यात आलं. एअरपोर्टवर तिने मला मिठी मारली. मी म्हटलं, "वाळलीस." दुसऱ्या दिवशी आम्ही कॅम्पवर गेलो. ती कॅरॅव्हॅनला एक चक्कर मारून आली, आत डोकावली. दोन गाद्या, दोन चादरी, दोन उशा.

"पप्पा, फोटोतली कुठेय?"

"गाडीला झेपली नाही गं," तो म्हणाला. "माझा हिशोब चुकला."

ह्या माणसाचा उभ्या जन्मात हिशोब चुकला नाही. मी तिथेच सुरमईला मसाला चोळत उभी होते. मी सांगू शकत होते. म्हणू शकत होते की मी नको म्हटलं, मी चुकले, मला माफ कर. मासे तव्यावर सोडले आणि ओरडले, "बशा आणा."

"इट्स ओके, पप्पा," ती म्हणाली. त्या रात्री गाडीच्या मागच्या सीटवर पाय दुमडून झोपली. घरी आल्यावर हॉलमधल्या सोफ्यावर. तिसऱ्या दिवशी म्हणाली, बेकरीतून बोलावणं आलंय, उद्याचं तिकीट केलं. मी अडवलं नाही. डब्यात आमच्या वसईकडचं इंदेलचं आंबट-तिखट लोणचं भरून दिलं.

एअरपोर्टवर नवरा ट्रॉली आणायला गेला तेव्हा आम्ही दोघीच होतो. तिच्या दोन मोठ्या बॅगा, एक पाठीवरची. येताना मला वाटलं होतं, आमच्यासाठी काहीबाही आणलं असेल. न राहवून मी म्हटलं, "चार दिवसांसाठी एवढा संसार कशाला गं आणलास?"

ती बॅगेच्या हँडलशी खेळत राहिली. मग म्हणाली, "बोलावणं वगैरे काही नाही, मम्मी. नोकरी सोडून आले होते. एकटीला जमेना तिथे. पप्पांचा फोटो आला, वाटलं, बर्थ घेतायत म्हणजे तुझाही राग गेला. थोडे महिने राहावं म्हटलं."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?" हे मी तिच्यावर खेकसले. देवा, तेव्हाही खेकसलेच. मग तिचा हात धरला आणि म्हणाले, "राहा ना गं."

"कुठे?" तिने विचारलं.

रागाने नाही. टोमणाही नव्हता. खरंच विचारलं, आणि मी काय सांगते त्याची वाट पाहत उभी राहिली. मी मनात मोजलं: एक बेडरूम, दोन बर्थ, दोन उशा. नवरा ट्रॉली घेऊन आला. तिनेच बॅगा उचलून ट्रॉलीवर ठेवल्या.