ब्रेक विचारणारी बाई

"बिरेक धरतोय व्हय?"

कराडच्या मोटारस्टँडवर शिराळ्याची गाडी सुटायला आली, की ती दारापाशी येऊन एवढंच विचारायची. ड्रायव्हरला नव्हे, आत बसलेल्या उतारूंना ऐकू जाईल अशा आवाजात. नवखी माणसं चपापून एकमेकांकडे बघत. एकदा तालमीतला एक धिप्पाड पैलवान बोचकं घेऊन खाली उतरला आणि पोटात कळ आली म्हणाला. आम्ही हसलो. ती हसली नाही.

मी त्या खाजगी मोटार सर्व्हिसचा बुकिंग क्लार्क. ती शेजारच्या मलकापूरची, आमच्याच एका ड्रायव्हरची विधवा. लढाईच्या दिवसांत ओढ्याच्या उतारावर त्याची गाडी उलटली आणि तो गेला. ड्रायव्हर प्यालेला होता, असं मालकांनी सगळीकडे सांगितलं. तो जन्मात दारूला शिवला नव्हता.

पुढे मालकांनी तिला लुगडं पाठवलं. ते घेऊन ती स्टँडवर आली आणि सगळ्यांदेखत तिने त्या लुगड्यानेच गाडीचं चाक पुसलं.

"लुगडं नगं, मालक. ही गाडी बंद पडल्याली बघायची हाय मला."

माझ्याशी मात्र ती मायेने वागायची. ओच्यातल्या शेंगा खिडकीत ठेवायची. "खावा मास्तर. तुमी लिवणारं मानूस, तुमी खोटं न्हाई बोलायचा." तुम्हीही अशा शेंगा कधी खाल्ल्या असतील. घशाखाली उतरत नाहीत.

मग कायदा आला. मोटारी आता सरकारच चालवणार, खाजगी परवाने पुढे मिळणार नाहीत. आपला परवाना राहू द्यावा म्हणून मालकांनी गावोगावचे अंगठे घेऊन अर्ज केला, आणि तक्रारी ऐकायला एक साहेब डाकबंगल्यावर आले. मालक आपल्या सेवेबद्दल बोलले. मग ती उठली आणि तिने थेट माझ्याकडे बोट केलं.

"ह्यास्नी इचारा, साहेब. माझा धनी प्यालेला हुता का?"

मालक माझ्याकडे बघत होते. मी उभा राहिलो. गाडी उलटली त्या सकाळी तिचा नवरा माझ्या खिडकीशी आला होता. ब्रेक धरत नाही, मालकांना सांगा, म्हणाला होता. मी सांगितलं. मालक म्हणाले, "लढाईत सामान कुठून आणू? हळू चालव म्हणावं." तो निरोप मीच त्याला दिला होता. इतकी वर्षं गिळलेलं ते सगळं मी बोललो.

साहेबांनी ऐकून घेतलं. "पण बाई, परवाने कुणाच्या चुकीपायी जात नाहीत. कायद्याने सगळ्यांचेच जाणार. यांना गाड्यांची किंमतही मिळेल."

"म्हंजे ह्यांची गाडी माझ्या धन्यापायी बंद हुत न्हाई?"

"नाही."

ती खाली बसली. इतक्या वर्षांचा तिचा सूड सरकारने तिच्या हातातून काढून घेतला होता.

दुसऱ्याच दिवशी तिने माझी साक्ष माझ्याकडूनच कागदावर लिहून घेतली, सहीसकट.

मालकांच्या गाडीची शेवटची फेरी. हार घातलेले, नारळ आणलेला, स्टँड माणसांनी भरलेलं. ती गर्दीतून वाट काढत आली आणि तो कागद तिने माझ्यापुढे धरला.

"वाचा. मोठ्यानं."

मी वाचलं. नारळ फोडणारा हात वरच राहिला. कुणीतरी म्हणालं, "म्हंजे, प्यालेला नव्हताच की रं!" मालक गाडीत जाऊन मागच्या बाकावर बसले. त्या फेरीला दुसरा एकही उतारू चढला नाही. गाडी रिकामीच गेली.

"झालं ना तुमच्या मनासारखं?" मी विचारलं.

तिने कागदाची घडी घातली. "मालकाचं झालं. तुमी बोलायचं तवा बोलला न्हाई, मास्तर. तुमचं ऱ्हायलंय."

सरकारने मला त्याच स्टँडवर ठेवून घेतलं. ती माझ्या खिडकीशी पुन्हा कधी आली नाही. शिराळ्याला माहेरी जायचं तर बैलगाडीने जाते, असं कळलं. वाटेत कुणी विचारलं, की एवढी सरकारी मोटार असताना असं का, तर ती माझं नाव सांगते. बापाच्या नावासकट.