रमणभाईंचा सिनेमा आणि साहेबांची शाल

मंडळी, रागात लिहितोय, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

आज दुपारी डहाणूत एका मंडळाने व्हिडिओ गेमच्या इतिहासावरचा सिनेमा दाखवला. मी गेलो तो रमणभाईंना सोबत म्हणून. नव्वदच्या दशकात चारोटीला त्यांचं गेमचं दुकान होतं. पोरं बिघडतात म्हणून गावच्या सज्जनांनी ते बंद पाडलं.

पंख्याखाली डुलकी काढायचा माझा बेत होता. पण सिनेमा इतका सुरेख निघाला की डोळा मिटवेना. पडद्यावर परदेशातला एक म्हातारा दुकानदार सांगत होता, त्याच्याही दाराशी एकदा लोक जमले. रमणभाई खुर्चीच्या टोकाला आले. "मास्तर, ही तर माझीच स्टोरी. याचं दुकान वाचलं काय, बघू या."

तेवढ्यात दिवे लागले. प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांना तलासरीला पुढचा कार्यक्रम होता, म्हणून सत्कार मध्येच. शाल, नारळ, आणि 'मोबाइल व आजची पिढी' यावर लांबलचक मनोगत. मग हॉलची वेळ संपली.

मी आयोजकांना म्हटलं, "अहो, सिनेमा राहिला."

"सर, मुख्य कार्यक्रम झाला ना."

काव्यशास्त्रात रसभंग हा दोष मानतात. आपण तो कार्यक्रमपत्रिकेत छापतो.

चपला शोधता शोधता रमणभाई म्हणाले, "माझं बंद करायला पोलीस आणलेला. याचं नारळावर भागलं."

सिनेमाचं नाव कमेंटमध्ये टाकलंय. कुणी पुरता पाहिला असेल तर कृपया सांगा, त्या म्हाताऱ्याचं दुकान वाचलं का? रमणभाईंनी दोनदा फोन करून विचारलंय.