वहिनीचा वाकडा दात

दादाबद्दल थोडे लिहून द्या, असे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितले तेव्हा मी काही रविवार त्यांना चुकवून मागच्या दाराने बाहेर पडलो. मंडळीच्या पुस्तकात ज्यांच्याबद्दल लिहितात ती माणसे निराळी असतात. कोणी शाळा काढलेली असते, कोणी आजाऱ्यांची सेवा केलेली असते. माझा थोरला भाऊ कवळ्या करायचा. शिवाय त्याची जी गोष्ट मला सांगावीशी वाटते ती वहिनीच्या दाताशिवाय सांगता येत नाही, आणि घरातल्या बाईचा दात छापून आणायचा म्हणजे जरा अवघडच. शेवटी वहिनीलाच विचारले.

ती म्हणाली, "लिहा भाऊजी. फक्त त्यांना संत करू नका. ते आंघोळीचा टॉवेल कधीच वाळत घालत नसत, तेही लिहा."

तर ते लिहिले.

दादाचे काम दाताच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत चाले. पुढे डॉक्टरीणबाई रोग्याच्या तोंडाचे माप घेत. ते माप मागे आले की दादा त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेणाची पट्टी चढवायचा आणि त्या मेणात एकेक दात बसवायचा. मेणातले दात आधी रोग्याच्या तोंडात घालून बघायचे, काही चुकले तर तिथेच दुरुस्त करायचे, मगच मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरायचे. शेवटी फिरत्या चाकावर घासून चकाकी आणायची. खोलीत एक खिडकी, एक दिवा, एक उंच स्टूल आणि सगळ्या वस्तूंवर प्लास्टरची पांढरी पूड. दादाच्या भुवयांवरसुद्धा. घरी आला की वहिनी म्हणायची, "पीठ दळून आलात का?"

दात बसवताना दादा बोलत असायचा. समोर साचा, आणि हा त्याच्याशी गप्पा मारतोय. "काय मास्तर, बोर्डाकडे बघून ओरडून ओरडून खालची हिरडी झिजवलीत ना?" त्याला माणसे हिरड्यांवरून ओळखू यायची. रात्री दातांवर दात कोण आवळतो, एकाच बाजूने कोण चावतो, सगळे त्या प्लास्टरमध्ये त्याला दिसायचे. मग चार दिवसांनी तो माणूस रस्त्यात भेटला की दादा त्याची आपुलकीने चौकशी करायचा आणि तो माणूस गोंधळून जायचा.

आमच्या चर्चमध्ये एका रविवारी बाहेरगावचे उपदेशक आले. वयस्कर, बारीक आवाजाचे, भले गृहस्थ. त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि बराच वेळ गप्प उभे राहिले. दिवसभरात तुमचे मन देवाकडे किती असते, हा तो प्रश्न. बाकीच्यांनी खाली बघितले, गाणे म्हटले आणि घरी जाऊन जेवले. दादा मात्र जेवला नाही.

"धाकट्या," तो मला म्हणाला, "मी आयुष्यभर लोकांच्या हिरड्यांचा विचार केला रे. देवाचा केलाच नाही."

"सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करतोस की."

"ती तोंड धुतल्यासारखी. दिवसभराचं काय?"

दादाचा स्वभाव असा, की एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस न्यायची. दुसऱ्या दिवसापासून त्याने नेम धरला. साच्यांशी बोलणे बंद. चाक सुरू करायच्या आधी प्रभूचे नाव, बंद केल्यावर प्रभूचे नाव, आणि मध्ये मन जरा कुठे भरकटले की हातातले काम खाली ठेवून पुन्हा प्रार्थना. खिडकीतून रस्ता दिसायचा म्हणून त्याने तिला जाड पडदा लावला. डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि थट्टेखोर. त्या म्हणायच्या, "दादा, मागच्या खोलीत यायचं म्हणजे मला आता चपला काढाव्याशा वाटतात." तो नुसता मान हलवायचा.

घरीही तेच. माझी बायको गेल्यापासून मी त्यांच्याकडेच जेवायला असायचो, त्यामुळे मला सगळे दिसत होते. जेवणाआधीची प्रार्थना पूर्वी वहिनी म्हणायची, दोन वाक्यांत. आता दादा म्हणू लागला. त्याची प्रार्थना इतकी लांबायची की वरणावर साय धरायची. नंतर तो मुकाट जेवायचा, डोळे कुठेतरी लांब. काही सांगायला गेलो तर "हं" म्हणायचा. तो ढोंग करत नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्याला खरोखर देव हवा होता.

त्याच वर्षी वहिनीचे दात गेले. ती माझ्या पुतणीकडे, तिच्या बाळंतपणाला, काही महिने राहायला गेली होती. हिरड्यांचे दुखणे जुनेच होते, ते तिथे एकदम उफाळले आणि तिथल्या डॉक्टरांनी सगळे दात काढून टाकले. ती परत आली ती तोंडावर हात धरूनच. दादाने तिची बॅग आत नेली, आजारी माणसाची करावी तशी विचारपूस केली, "तुझी कवळी मी करतो" म्हणाला आणि आपल्या खोलीत जाऊन गुडघ्यांवर बसला.

वहिनी आमच्याबरोबर जेवायला बसेनाशी झाली. आम्हाला वाढायची आणि मागाहून स्वयंपाकघरात, ओट्यापाशी उभ्यानेच, मऊ केलेला भात खायची. वहिनी हसणारी बाई. शेजारच्या भिंतीपलीकडे ऐकू जाईल असे हसायची. ते हसू थांबले. दादाच्या समोरची खुर्ची रोज रिकामी, आणि दादा त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून मोठ्याने देवाचे आभार मानायचा. मला वाटायचे, आता म्हणेल, "अगं, तू ये ना." तो म्हणाला नाही. त्याच्या लक्षातच आले नाही. मला भीती वाटू लागली की ही दोघे अशीच म्हातारी होतील, एक ओट्यापाशी आणि एक टेबलापाशी.

कवळीचे काम मात्र त्याने जीव ओतून केले. मला म्हणाला, "ही कवळी देवाला वाहिलेली वस्तू समजून करतोय. बोट ठेवायला जागा राहणार नाही." आणि तशीच केली. सगळे दात एका रेषेत, एका रंगाचे, वेदीवर ठेवावेत असे. मेणातले दात तोंडात घालून बघायला वहिनीला बोलवावे लागते, तेही त्याने केले नाही. माप डॉक्टरीणबाईंनी घेतले होते, ते त्याला पुरले. तयार कवळी स्वच्छ कपात घालून त्याने टेबलावर ठेवली.

वहिनीने ती बसवली आणि बेसिनवरच्या आरशात बघितले. बराच वेळ बघितले.

"छान आहेत," ती म्हणाली. "कुणाचे आहेत?"

"कुणाचे म्हणजे? तुझेच."

"हो का?"

ती चर्चला ते दात घालून गेली. बायकांनी कौतुक केले, किती तरुण दिसतेस म्हणाल्या. घरी आल्यावर तिने दात काढून कपात ठेवले आणि पुन्हा घातले नाहीत. दादा दुखावला.

"टोचतात का?"

"नाही."

"सैल आहेत?"

"नाही हो. बोलायला लागले की वाटतं, कुणी दुसरीच बाई माझ्या तोंडून बोलतेय." मग म्हणाली, "माझा पुढचा एक दात वाकडा होता. आठवतो ना?"

"आठवतो की," दादा घाईने म्हणाला. "नवीन करतो. तसाच करतो."

दुसऱ्या दिवशी मी त्याला डबा द्यायला गेलो तर दादा नव्या मेणापुढे नुसता बसला होता. हातात एक दात, मेणासाठी तापवलेली सुरी गार होऊन पडलेली.

"धाकट्या, कुठल्या बाजूचा रे?"

"काय?"

"वाकडा दात. हिचा."

मला ठाऊक होते. इतकी वर्षे तिच्या हाताचे जेवलो, तिच्यासमोर बसून हसलो, दिसणारच की. पण वहिनीचा दात दिराने सांगायचा म्हणजे... मी म्हणालो, "तिलाच विचार."

"तिला कसं विचारू? आठवतो म्हणालोय मी." मग कपाट उघडून त्याने लग्नाचा फोटो काढला. बहुतेक मुद्दाम बरोबर आणला असावा. फोटोत दोघांचीही तोंडे घट्ट मिटलेली. त्या काळी फोटोत हसले तर फोटो वाया गेला असे समजत. दादा कितीतरी वेळ त्या मिटलेल्या ओठांकडे बघत राहिला, जणू काही ते आता उघडतील.

शेवटी त्याने डावा दात थोडा तिरका करून मेणात बसवला. सुंदर बसवला होता. फक्त बाजू चुकली होती. तेव्हाच मी बोलायला हवे होते की नको, ते मला अजूनही ठरवता येत नाही.

मेणातले ते दात दादा घरी घेऊन आला. वहिनीने जपून तोंडात घातले, आरशात बघितले, आणि तितक्याच जपून काढून त्याच्या हातावर ठेवले.

"उजवा होता," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. वहिनी ओला हात पुसत म्हणाली, "मला बघायला आला होतात तेव्हा घरी जाऊन आईंना काय म्हणालात, ते आईंनी मला नंतर सांगितलं. तो वाकडा दात दिसला आणि मी हो म्हटलं, असं म्हणाला होतात." आणि ती आत गेली.

दादा मागच्या पायरीवर जाऊन बसला. थोड्या वेळाने मीही जाऊन शेजारी बसलो.

"सगळ्यांची तोंडं आठवतात रे मला," तो म्हणाला. "पोस्टमनचं आठवतं. त्या भांडखोर घरमालकिणीचं आठवतं. हिचं नाही. वर्षभर मी हिच्याकडे बघितलंच नाही, धाकट्या. तिच्याकडे लक्ष गेलं की वाटायचं, मन भरकटलं. की लगेच डोळे मिटून घ्यायचो." मग म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"वहिनीच्या दातांकडे बघतोस का, असं म्हणून तूच कान पकडला असतास."

त्याला हसू आले आणि त्या हसण्यातच त्याचे डोळे भरून आले. बराच वेळ तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो.

दुसऱ्या दिवशी तो वहिनीला म्हणाला, "दवाखान्यात चल. मला तुला बघून दात लावायचा आहे."

"माप दिलंय की."

"माप नको. तू हवीस."

ती एकटी जायला लाजली म्हणून मला बरोबर नेले. दादाने आधी खिडकीचा पडदा काढला. वहिनीला आपल्या उंच स्टुलावर बसवले आणि स्वतः खालच्या पेटीवर बसला. सुरी तापवायची, उजवा दात मेणात किंचित फिरवायचा, ते मेण तिच्या तोंडात बसवायचे, मागे सरून बघायचे, पुन्हा काढायचे. असे किती वेळा झाले कोण जाणे.

"हस बघू," तो म्हणाला.

"हुकुमावर?"

"बरं, मग रागाव."

"ते जमेल," वहिनी म्हणाली, आणि टॉवेलाचा विषय काढला. बोलता बोलता तिलाच हसू फुटले, आणि दादा एकदम ओरडला, "हलू नकोस." तिच्या वरच्या ओठाखाली तो दात जसा डोकवायला हवा तसा डोकावला होता. दादाच्या हातातली सुरी तशीच राहिली. तो इतका वेळ बघत राहिला की वहिनीने मान वळवली.

"अहो, डॉक्टरीणबाई येतील."

दादा तिच्याशी बोलत होता की प्रभूशी, आधी कळले नाही. हळूच म्हणाला, "क्षमा कर. तू हिला माझ्यासमोर बसवलं होतंस, आणि मी तुला शोधायचं म्हणून पाठ फिरवून बसलो."

त्यानंतर दादाने देवाचा नाद सोडला असे कोणी समजू नये. सोडला नाहीच. उपदेशकांचा प्रश्न बरोबर होता, असे तो शेवटपर्यंत म्हणायचा. पण साच्यांशी त्याच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या, आणि त्या गप्पांतून प्रार्थना कुठे सुरू होते ते शेजारी बसूनही मला ओळखता येत नसे. "काय आजी, एकट्याच जेवता ना? प्रभू, हिच्याकडे कुणीतरी जेवायला जाऊ दे." आणि कधीकधी संध्याकाळी तो स्वतःच त्या आजीकडे जायचा. मधूनमधून जुनी खोड उफाळायची, जेवताना डोळे लांब जायचे. मग वहिनी टेबलाखालून पाय मारायची. एकदा चुकून मला बसला.

नवी कवळी तयार झाली त्या दिवशी वहिनीने तीन ताटे घेतली. तिसरे दादाच्या समोरच्या रिकाम्या जागी ठेवले आणि त्या खुर्चीवर येऊन बसली. दादाने हात जोडले आणि तिला म्हणाला, "तू म्हण."

नव्या दातांमुळे तिच्या शब्दांत वारा भरत होता. जेवणासाठी आभार, घरातल्यांसाठी आभार, दोन वाक्ये, तीही अडखळत. मध्येच ती थांबली. मी एक डोळा किलकिला करून बघितले. दादा तिच्याकडे टक लावून बघत होता.

"अहो, डोळे मिटा," ती पुटपुटली. "प्रार्थना चाललीये."

"प्रार्थनाच करतोय," दादा म्हणाला, आणि त्याने काही ते मिटले नाहीत.

मग मीच माझे मिटून घेतले.