जड स्टेअरिंग, वेगळं ताट

ऐंशीच्या दशकात मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहानशा कुष्ठरोग दवाखान्याची गाडी चालवत होतो. दवाखाना धानोऱ्याच्या बाजूला, जंगलात. गाडी मात्र थेट परदेशातून आलेली, तिकडच्या कुणा दयाळू माणसांनी पाठवलेली. तिला पॉवर स्टेअरिंग होतं. इंजिनावर चालणारा एक पंप तेलाच्या दाबाने चाकं वळवायला मदत करायचा आणि ती धिप्पाड गाडी एका बोटावर वळायची. आधीच्या जीपवर मी दहा वर्षं दंडांची कसरत केली होती, त्यामुळे पहिला महिनाभर मी उगाचच वळणं घेत फिरलो.

पावसाळा सरला आणि ते स्टेअरिंग मधूनच जड व्हायला लागलं. रोज नाही, सारखंही नाही. एखाद्या गावात गाडी वळवताना अचानक असं अडायचं की दोन्ही हातांनी ओढावं लागे. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा पहिल्यासारखं हलकं. तेल पाहिलं, भरलेलं होतं. नळ्या पाहिल्या, कुठे गळती नाही. औषधं आणायला चंद्रपूरला गेलो की गॅरेजमध्ये दाखवायचो, पण तिथे पोचेपर्यंत ते गुणी बाळ झालेलं असायचं. तिथल्या दोघा मिस्त्रींनी चालवून पाहिलं. दुसरा हसत म्हणाला, "गाडी टकाटक हाये भाऊ. तुमच्याच हातात दम नाई राह्यला."

तो थट्टेने बोलला. मी कुठे नोकरीला आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

आमच्या डॉक्टरबाई गावोगाव लोकांचे हात तपासत. या रोगात कधी कधी हाताच्या नसा आधी जातात, हे त्या प्रत्येक गावात समजावून सांगायच्या. माणसाला वाटतं बादली जड झाली, कुऱ्हाड जड झाली. बादली तेवढीच असते, हात गेलेला असतो. गाडीला टेकून बिडी ओढत हे मी किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नाही. आता परतीच्या वाटेवर तेच माझ्या डोक्यात घुमायला लागलं.

खोलीत दार लावून मी हात तपासू लागलो. चहाचा गरम पेला करंगळीला लावून पाहिला, तळहातावर टाचणी टोचून पाहिली. काही ठिकाणी टोचलेलं कळेना. जीपच्या स्टेअरिंगने तिथे जाड घट्टे पडले होते आणि घट्ट्यांना कळत नसतंच, हे तेव्हा मला सुचलं नाही. भीती बसली की माणसाची अक्कल गहाण पडते. डॉक्टरबाईंनी पाच मिनिटांत निकाल दिला असता, आणि तो निकालच मला नको होता. रोग्यांच्या रजिस्टरात माझं नाव चढेल, ब्रह्मपुरीला आईच्या कानावर जाईल, गाडी हातची जाईल.

हा रोग असा शिवाशिवीने होत नाही, गोळ्यांनी बरा होतो, हे गाडीच्या पायरीवर उभा राहून मीच लोकांना मोठ्या आवाजात सांगायचो. आणि मी माझं ताट वेगळं केलं.

आमचं स्वयंपाकघर एक बाई सांभाळायची. ती याच रोगातून बरी झालेली, उजव्या हाताची बोटं तेवढी आखडून राहिलेली. माहेरच्यांनी परत घेतलं नाही म्हणून इथेच राहिली होती. तिच्या चुलीपाशी बसून भात आणि लाखोळीची डाळ खाणं, हा माझ्या दिवसातला सगळ्यात चांगला वेळ. मी दिवसभराच्या गोष्टी सांगायचो, ती म्हणायची, "रेडिओ बंद करा अन् जेवा." त्याच बाईला मी एक दिवस सांगितलं की माझं ताट बाहेर ओट्यावर ठेवत जा.

"काऊन भाऊ? माह्या हातचा भात बिघडला का?"

"नाही, असंच," मी म्हणालो.

तिने पुन्हा विचारलं नाही. जेवून मी ताट स्वतः घासायचो आणि खोलीत ठेवायचो. हळूहळू ती ओट्यावर जेवण ठेवून माझ्याकडे न बघताच आत जाऊ लागली. मला वाटलं, हिने ओळखलं. हिच्याइतकं कोण ओळखणार! तीही आता मला टाळते आहे, असं मी मनाशी पक्कं केलं. मी फार एकटा पडलो. दिवसभर गाडीत चार माणसं असायची, तरी कुणाशी बोलावंसं वाटेना. दिवाळीला ब्रह्मपुरीला गेलो नाही.

थंडी पडली तेव्हा बल्लारपूरला एक म्हातारा मिस्त्री भेटला. कोळसा खाणीतल्या मोठ्या डंपरवर त्याची हयात गेली होती आणि डंपरला पॉवर स्टेअरिंग असतं. त्याने गाडीला हातही लावला नाही. म्हणाला, "इथी पाहून काई फायदा नाई. जिथी बिघडते तिथी घेऊन चाला." चार दिवस त्याला सवड होती. हत्यारांची पिशवी घेऊन तो शेजारी बसला.

गडचिरोली मागे पडली, पहिला नाला आला. रस्त्यावर पूल नव्हताच. मी नेहमीप्रमाणे काठावर थांबलो आणि बॉनेट उघडून इंजिनाचे पट्टे काढले. जीपच्या दिवसांपासूनची आम्हा जंगलातल्या ड्रायव्हरांची ही रीत. पंखा फिरत राहिला तर पाणी इंजिनावर उडवतो आणि गाडी मधोमध बंद पडते, म्हणून आधी पंख्याचा पट्टा काढायचा. या गाडीत त्याच्या पुढे स्टेअरिंगच्या पंपाचा पट्टा होता, तो आधी निघायचा. नाला ओलांडून मी दोन्ही पट्टे पुन्हा चढवले, हाताने ताणले, बोल्ट आवळले. मिस्त्री दगडावर बसून बघत होता.

"हे दर नाल्याले करता?"

"दर नाल्याला."

तो उठला, पुढचा पट्टा अंगठ्याने दाबला. पट्टा चांगला दबला. "पंख्याले एवढा ताण पुरते, पंपाले नाई पुरत. याले पहार लावून ताणा लागते. कोरडा पट्टा घसरला त ओरडते. नाल्याच्या पाण्यानं ओला झाला त गुपचाप घसरते, अन् वाळला का पुन्हा पकडते. चंद्रपूरले काय दिसन मंग?"

त्याने पहार लावून पट्टा ताणला. मी इंजिन सुरू करून तिथेच रेतीत स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत एका बोटाने फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि त्यावर डोकं ठेवून रडलो.

"एवढं काय जीव लावता गाडीले?" मिस्त्री म्हणाला.

दवाखान्यात पोचलो तेव्हा जेवणाची वेळ होती. खोलीतून ताट घेतलं आणि सरळ चुलीपाशी जाऊन बसलो. बाई बघतच राहिली. मी तिला सगळं सांगितलं, पट्ट्यापासून टाचणीपर्यंत.

"म्हंजे तुमाले माही किळस नोती येत?"

आधी मला प्रश्नच कळला नाही. मग कळला. इतके दिवस ती समजत होती की तिच्या हातचं अन्न मला जात नाही. म्हणून ती ताट ठेवून निघून जायची.

"नाही हो बाई," मी घाईने म्हणालो. "मला वाटलं, मलाच झाला."

बोलून गेलो आणि लाज वाटली. तिच्यासारखं होणं याहून वाईट मला काही सुचलं नव्हतं, हेच मी तिच्या तोंडावर सांगत होतो. तिने आखडलेल्या बोटांनी डाळीची वाटी माझ्याकडे सरकवली.

"झाला असता त झाला असता," ती म्हणाली. "मी होती ना इथी. एकटे काऊन जेवत बसले?"